चार शतांशांची जबाबदारी

शंकेखोर : काका, भांडायची हौस मला नाही. पण गप्प बसायचं तर त्याला कारण तरी हवं. माझ्या आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचा सिलिंडर, नवा पन्नास साईजचा पिस्टन, रिंगा, सगळं बोअरिंगच्या शॉपवर नेऊन दिलं. बोअर मारून द्या म्हटलं. ‘आगत्ते सार’, म्हणजे होईल साहेब, म्हणाले. नंतर सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून हातात आला. ना पावती, ना मापाचा कागद. गाडी मातीच्या ट्रॅकवर नेली, रनिंग-इन म्हणून जपून चालवत होतो, आणि एका चढावर इंजिनाने पकडलं. मागचं चाक जाम. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून हाडं शाबूत आहेत. परत गेलो तर एकच उत्तर : ऑइल कमी पडलं असेल. ऑइल मी मोजून घातलं होतं. मी दिवसभर कंपनीत क्वालिटीचं काम करतो. आमच्याकडे पार्ट मापाबाहेर गेला की लाल टॅग लागतो. कोणत्या मशीनवर झाला, कोणत्या पाळीत झाला, कोणत्या गेजने तपासला, सगळं सापडतं. इथे काय सापडलं? वर्तमानपत्राचा कागद.

गाडीवेडा : तू त्यांना नेमकं काय सांगितलंस, ते पुन्हा सांग. ‘पन्नास साईज बोअर मारा.’ म्हणजे मूळ पन्नास मिलिमीटरचा बोअर साडेपन्नासचा करा. हे पिस्टनच्या डब्यावरही छापलेलं असतं, ते सांगायला तू कशाला हवास? खरा प्रश्न असा की साडेपन्नासच्या वर अजून किती. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना दोघांमध्ये थोडी फट ठेवावी लागते. कमी ठेवली तर पिस्टन फुगून भिंतीला चिकटतो. जास्त ठेवली तर खडखडतो, रिंगा नीट बसत नाहीत, कॉम्प्रेशन जातं. तुझ्यासारख्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात ही फट चारेक शतांश मिलिमीटरची असते. शॉपवर म्हणतात, पॉइंट झिरो फोर. तो आकडा तू उच्चारलास का?

शंकेखोर : मी का उच्चारायचा? शिंप्याकडे कापड दिल्यावर काखेत किती ढील ठेवायची हे गिऱ्हाईक सांगतं का? आणि शिंप्याचं नाव मी उगाच घेत नाही. 1872 च्या करार कायद्यात 170 वं कलम आहे : कारागिराने आपलं कौशल्य लावून एखाद्या वस्तूवर काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवायचा हक्क त्याला आहे. त्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत ती पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याची आणि कोट शिवायला दिलेल्या कापडाची. म्हणजे पैसे न दिल्यास माझा सिलिंडर अडवून ठेवायला कायदा त्याला मदत करतो. का करतो? त्याच्या कौशल्याला किंमत आहे असं मानतो म्हणून. मग कौशल्य त्याचं असेल तर आकडाही त्याचाच. मजुरी घेताना कारागीर आणि जाब विचारल्यावर नुसता हमाल, असं चालणार नाही.

गाडीवेडा : हा मुद्दा सहज उडवता येण्यासारखा नाही. पण मापाशिवाय कोट शिवायला कोण देतं? तू शिंप्यासमोर उभाच राहिला नाहीस. कापड टाकून निघून गेलास. ही गाडी धुळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरला आरपीएम खेचत चालणार, हे त्याला ठाऊक होतं का? ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा आणि मातीत पळवायच्या गाडीचा बोअर एकाच फटीवर ठेवत नाहीत. डर्टवर वेग कमी असतो आणि इंजिनावर जोर जास्त, त्यात हवेवर थंड होणारं इंजिन. वारा कमी मिळतो, पिस्टन जास्त तापतो. जाणता माणूस तिथे एखादा शतांश जास्त सोडतो. आणि पिस्टन ओतीव की फोर्ज्ड? फोर्ज्ड असेल तर आणखी फट लागते, कारण तो जास्त फुगतो. हे सगळं सांगायचं काम तुझं होतं.

शंकेखोर : आणि विचारायचं काम त्याचं नव्हतं? डॉक्टरकडे गेल्यावर तो विचारतो, साखर आहे का, कसली ॲलर्जी आहे का. न विचारता इंजेक्शन टोचणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणत नाही. आता माझ्या मनातली खरी शंका ऐका. त्याने मापलंच नसावं. टेबलावर मला व्हर्नियर दिसला. व्हर्नियर दोन शतांशांपर्यंत वाचतो, तोही धरणाऱ्याचा हात हलका असेल तर. ज्या पट्टीवर सर्वांत बारीक खूण दोन शतांशांची, तिने चार शतांशांची फट तपासायची! फटीच्या निम्मी चूक तर हत्यारातच. बोअरला डायल बोअर गेज लागतो. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. सिलिंडर खाली निमुळता होतोय का, लंबगोल झालाय का, हे त्याशिवाय कळायचं कसं? जपानी गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तकात लंबगोलपणाला एक शतांश एवढीच सूट असते. एक. आणि पिस्टन मापायचा तो पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोडं वर, कारण पिस्टन मुळात गोल नसतोच. हे मायक्रोमीटरचं काम आहे. त्याने नवीन पिस्टन डब्यातून काढून मापला असेल, यावर माझा विश्वास नाही. डब्यावरचा आकडा वाचला, मशीनला तोच लावला, झालं.

गाडीवेडा : विश्वास नाही म्हणतोस, पण पाहिलंस का? तू पाहिलेलं फक्त टेबल. शॉपवाले मायक्रोमीटर टेबलावर टाकत नाहीत, पेटीत ठेवतात. असो, मापलं नसेल असं धरून चालू. तरी माझा तुला एक प्रश्न आहे. सिलिंडर घरी आणल्यावर तू काय केलंस? तुमच्या कंपनीत बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय लाइनवर जातो का? इनकमिंग इन्स्पेक्शन नावाची एक गोष्ट असते ना? वर्तमानपत्रातून काढला आणि थेट गाडीवर चढवला.

शंकेखोर : बोअर गेज घरी कुणाकडे असतो काका?

गाडीवेडा : घरी नसतो. पण शॉपवर मागता येतो. ‘समोर मापून दाखवा’ म्हटल्यावर नाही म्हणणारं शॉप असेल, तर तिथून सिलिंडर न बोअर करता उचलून आणायचा. एवढी एक गोष्ट तुझ्या हातात होती. आता का नाही ते सांगतो. आज तू ग्राहक मंचात जायचं ठरवलंस. 2019 च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, सगळं खरं. पण दाखवणार काय? एकदा पकडल्यावर तो बोअर शॉपवरून आला तसा राहिलेला नाही. भिंतीवर ॲल्युमिनियम चोपडलंय, ओरखडे पडलेत. तू तेजाब लावून ॲल्युमिनियम काढलंस, वर घासलंस. म्हणजे पुरावा तूच पुसलास. आणि न पुसता तसाच नेला असतास, तरी पकडलेल्या बोअरमधून पकडण्याआधीचं माप काढणारा तज्ज्ञ मला तरी माहीत नाही.

शंकेखोर : पुरावा एक आहे. पिस्टन. तो मी फेकलेला नाही, हा पाहा.

गाडीवेडा : आण इकडे. हं. हा चांगला साक्षीदार आहे. ओरखडे पाहा : चार ठिकाणी आहेत, पिनच्या दोन्ही अंगांना, जवळपास सारख्या उंचीवर. नुसतं एक्झॉस्टच्या बाजूला चोळलं असतं, तर मी म्हटलं असतं, मिश्रण हलकं झालं किंवा ऑइल कमी पडलं, कारण तीच बाजू सर्वांत जास्त तापते. इनटेकच्या बाजूला मंद राखाडी झीज असती तर म्हटलं असतं, एअर फिल्टरमधून माती गेली. डर्टवाल्यांचं नेहमीचं दुखणं. इथे चारी कोपरे धरलेत. म्हणजे पिस्टन सगळीकडून फुगला आणि त्याला जागा मिळाली नाही.

शंकेखोर : मग झालं की! फट कमी होती. शॉपची चूक.

गाडीवेडा : घाई करू नकोस. चार कोपऱ्यांच्या ओरखड्याचं आणखी एक कारण असतं. इंजिन थंड असताना किक मारून लगेच खेचलं तर. पिस्टन पातळ, भराभर तापतो. सिलिंडर जड, पंखांचा, सावकाश तापतो. मधल्या काळात फट बरोबर असली तरी पुरत नाही. पकडलं त्या दिवशी सकाळी गाडी किती वेळ गरम केलीस?

शंकेखोर : केली होती. पुरेशी… मला वाटतं पुरेशी.

गाडीवेडा : ‘मला वाटतं’ हे शब्द शॉपवाल्याच्या तोंडून ऐकायला तुला आवडले नसते.

शंकेखोर : आवडले नसते, आणि म्हणूनच मी म्हणतो की वाटण्यावर काही राहू नये. पिस्टनच्या साक्षीतून दोन अर्थ निघतात ना? मग कागदावर 0.04 लिहिलेलं असतं, मापलेलं असतं, तर दोनपैकी एक अर्थ गळून पडला असता. कागद नाही म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. प्रत्येक वेळी. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी हरतं, कारण कागद करायचा की नाही हे ठरवणारा दुसरा असतो.

गाडीवेडा : बरं, कागद करू. त्यावर 0.04 लिहू. कोणत्या तापमानाला?

शंकेखोर : वीस अंश. जगभर लांबीची मापं वीस अंश सेल्सिअसला धरतात, आयएसओचं पहिलंच मानक त्याचं आहे.

गाडीवेडा : आता एप्रिलच्या दुपारी म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, पत्र्याखाली, वीस अंश आणून दाखव. तू पिस्टन टँक बॅगमध्ये ठेवून उन्हातून नेलास. हिशेब तूच कर. पिस्टनचा मिश्र धातू दर अंशाला मीटरमागे वीसेक मायक्रॉन वाढतो. पन्नास मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांनी तापला की शतांशभर मोठा होतो, अगदी एक. पंधरा अंश तापला तर दीड. तुझ्या चार शतांशांतला दीड शतांश उन्हात फुगला. सिलिंडर शॉपच्या सावलीत थंड. लगोलग मापून बोअर मारला, तर कागदावर 0.04 येईल आणि घरी येईपर्यंत फट साडेपाच शतांशांची झालेली असेल. दोन्ही आकडे खरे. जाणता माणूस काय करतो? पिस्टन आणि सिलिंडर एका जागी तास-दोन तास शेजारी शेजारी ठेवतो, चहा पितो, मग मापतो. हे कुठल्या कागदावर येणार?

शंकेखोर : येऊ शकतं. ‘दोन्ही भाग एका तापमानाला आल्यावर मापले’, एक ओळ.

गाडीवेडा : आणि त्या ओळीवर तुझा विश्वास बसेल? बसेल, कारण ती छापील असेल. मला तर अशी भीती वाटते की छापील फॉर्म आला की चहा जाईल आणि फॉर्म राहील.

(दोघांचं बोलणं लिहून घेताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. जबाबदारी ज्याची ठरवायची, तो शॉपवाला या गप्पांत नाही. तो असता तर काका एवढे उदार झाले नसते आणि पुतण्या एवढा तिखट झाला नसता. आणि तो काय बोलला असता याचा अंदाज मी करणार नाही. त्याच्या वतीने बोलणारे आधीच दोन आहेत.)

शंकेखोर : तुमचा हा चहा मला मान्य आहे. पण चहा पिणारा माणूस प्रत्येक शॉपवर नाही. तुम्ही त्या जुन्या काळातून बोलता. यादवगिरीचा कारखाना होता, हात होते, शिस्त होती.

गाडीवेडा : तो काळ मी उगाच आठवत नाही. तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे होतं, म्हणून आठवतो. मुंबईत जावा गाड्या आयात करून विकणाऱ्या रुस्तम आणि फारूख इराणींनी 1960 मध्ये इथे आयडियल जावा उभी केली. 1961 मध्ये यादवगिरीतून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 मध्ये जावाचं नाव येझदी झालं, 1978 ला रोडकिंग आली. तू मातीचं बोलतोस. ज्या चेक घराण्यातून या गाड्या आल्या, त्यातल्या चेझेडवर पॉल फ्रीडरिख्सने 1966, 67 आणि 68 अशी सलग तीन वर्षं पाचशे सीसीची मोटोक्रॉस जगज्जेतेपदं मिळवली. टू-स्ट्रोक आणि माती यांचं नातं आपल्या शहराला नवं नाही. तर कारखाना होता तेव्हा हा वाद नव्हता. फटीचा आकडा कंपनीचा. पिस्टन कंपनीचा, पुस्तक कंपनीचं, डीलरच्या मेकॅनिकला कंपनीनेच शिकवलेलं. 1996 ला कारखाना बंद झाला. हात कुठे गेले नाहीत. तिथे घडलेली माणसं शहरात गॅरेजं चालवत राहिली. गेली ती आकड्यामागची सही. तुझ्या आरएक्सचंही तेच. तिचं उत्पादनही 1996 लाच थांबलं. आता पिस्टन एकाचा, लायनर दुसऱ्याचा, बोअर तिसऱ्याचा, ऑइल चौथ्याचं, आणि चालवणारा तू. पूर्वी एका छपराखाली असलेली जबाबदारी पाच ठिकाणी फुटली, आणि तू ती पाचपैकी एकाच दारात शोधतोयस.

शंकेखोर : जो दार उघडं ठेवून बसलाय त्याच्याच दारात जाणार ना! पण कारखान्याचं तुम्ही गोडगोड सांगता. कारखान्यालाही आपल्या मशीनवर विश्वास नसायचा. म्हणूनच तर सिलिंडर आणि पिस्टन मापून गटांत वाटायचे, गटाचं अक्षर ठोकायचे, आणि मग जोड्या लावायच्या. मोठ्या सिलिंडरला मोठा पिस्टन. मशीनवरून प्रत्येक सिलिंडर नेमक्या मापाचा उतरणार नाही हे कारखाना मान्य करायचा आणि त्याची सोय करायचा. भरवसा हातावर कधीच नव्हता. निवडीवर होता, मोजण्यावर होता.

गाडीवेडा : छान. आता हेच वाक्य उलटून बघ. कारखाना हजार सिलिंडरांतून तुझ्या पिस्टनला जुळणारा निवडतो. शॉपवाल्याकडे हजार नाहीत, एकच आहे. म्हणून तो त्या एका पिस्टनसाठी बोअर घडवतो. मशीनवर शेवटचे चार-पाच शतांश सोडून देतो, आणि ते होनिंगच्या दगडाने हळूहळू काढतो. थोडं काढलं, मापलं, पुन्हा थोडं. शेवटी आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उठतात, त्यात तेल धरून राहतं. मग टू-स्ट्रोक असल्याने पोर्टच्या कडा हाताने मोडायच्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रोज ट्रॅक्टर आणि कारचे ब्लॉक बोअर करणारं शॉप नेमकं हेच विसरतं, कारण फोर-स्ट्रोकच्या भिंतीला खिडक्या नसतात. तर नीट केलं तर हे काम कारखान्यापेक्षा वरचं आहे. एका पिस्टनसाठी एक बोअर. त्यासाठी तू काही शे रुपये दिलेस, आणि बदल्यात मागतोस कारखान्याची हमी.

शंकेखोर : स्वस्त दिलं म्हणून उपकार होत नाहीत. मागचं चाक लॉक झालं तेव्हा ते ‘काही शे रुपयांपुरतं’ लॉक झालं नव्हतं. आणि महाग घ्यायला मी तयार आहे. घ्या दुप्पट, पण मापून द्या. कोणी विचारलंच नाही. मी तर सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवायचं म्हणत होतो. तिथे पिढ्यान् पिढ्या इंजिनांचंच काम. नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत, आत्याकडे जाणं होतंच.

गाडीवेडा : पाठव की. पण कोल्हापूरचा हात चांगला आणि म्हैसूरचा वाईट, असं काही नसतं. बेमलची इंजिनं याच शहरात होतात. आणि मराठी माणसाच्या लेथचाच अभिमान असेल, तर किर्लोस्करांनी 1941 मध्ये लेथचा कारखाना काढला तो याच म्हैसूर संस्थानात, हरिहरला. नावही ‘मैसूर किर्लोस्कर’. मुद्दा गावाचा नाही. कुरिअरने गेलेल्या सिलिंडरबरोबर पिस्टन जातो, चिठ्ठी जाते, पण तू जात नाहीस. तिथल्या माणसाला एखादा प्रश्न पडला तर तो फोन करेल, किंवा नाही करणार. चिठ्ठीवर लिहिलंयस तेवढंच होईल. तुला तेच हवं असेल तर उत्तम.

शंकेखोर : मला तेच हवंय. माणसाच्या स्वभावावर अवलंबून नसलेलं काम. म्हणून तर खरं विचाराल तर माझा कल नव्या गाडीकडे चाललाय. आताच्या मोटोक्रॉस गाड्यांत बिडाचा लायनरच नसतो. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर. माले कंपनीने 1967 च्या सुमारास काढलं ते. ओव्हरसाईज नाही, बोअर मारणं नाही. खराब झाला, सिलिंडर बदला. भानगड मिटली.

गाडीवेडा : आणि त्या सिलिंडरच्या किमतीत आरएक्सचा बोअर किती वेळा मारून होईल, ते मोज. मिटत काही नाही. तो थर फाटला की कंपनीचा सिलिंडर तरी घ्या, नाहीतर पुन्हा थर चढवणारं ठिकाण शोधा, आणि ते मिळालं नाही तर थर खरवडून त्यात बिडाचा लायनर ठोकणारा कोणीतरी भेटतोच. पुन्हा शॉप, पुन्हा फट, पुन्हा प्रश्न. फक्त महाग.

आणि एक राहिलंच. पकडण्याच्या आठवड्यात तू कुठे गेला होतास?

शंकेखोर : शनिवारी मंगळूरच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका ट्रॅकवर. तिथेच पकडलं.

गाडीवेडा : कार्ब्युरेटर इथे लावलास. म्हैसूर समुद्रापासून सातशे सत्तर मीटर वर. इथे हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. इथे बरोबर वाटणारा जेट खाली किनाऱ्यावर गेला की हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण हलकं, पिस्टन तापणार. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. त्याच्यात ऑक्सिजन स्वतःचा, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी हलकं. मी म्हणत नाही की शॉप निर्दोष आहे. चार कोपऱ्यांचा ओरखडा हलक्या मिश्रणाचा नेहमीचा नाही, हेही मीच सांगितलं. पण तीन शतांशांची फट म्हैसूरात निभावली असती आणि मंगळूरला नाही निभावली, असंही असू शकतं. मग चूक कुणाची? फट कमी ठेवणाऱ्याची, की ती न मापता डोंगर उतरणाऱ्याची?

शंकेखोर : तुम्ही प्रत्येक वेळी माझ्या वाट्याला एक भाग काढून देता.

गाडीवेडा : कारण तो असतो. तू त्याचा भाग काढून दे, मी अडवत नाही.

शंकेखोर : काढतो. ऑइल, जेट, गरम करणं, डोंगर उतरणं, सगळं माझं. मान्य. बोअरचं माप त्याचं. तेवढं एकच. मी ते त्याच्याकडून सहीनिशी घेईन, आणि पुढे काही झालं तर निदान पाचपैकी एका कारणावर फुली मारता येईल. तुम्हाला वाटतं कागदाने भरवसा जातो. मला वाटतं, कागद असेल तरच मी त्याच्याशी न भांडता बोलू शकेन. आज मी त्याच्यावर संशय घेतोय तो तो वाईट आहे म्हणून नाही. माझ्याकडे दुसरं काही धरायला नाही, म्हणून.

गाडीवेडा : हे पटलं. पुढच्या खेपेला पंचाहत्तर साईजचा पिस्टन नेशील, तेव्हा समोर उभा राहा. पिस्टन मापायला लाव, बोअर मापायला लाव, वर-मध्ये-खाली. पोर्टच्या कडा बोटाने चाचपून बघ. आकडा लिहून घे. कोणता लिहिणार?

शंकेखोर : 0.04. पुस्तकात आहे तो.

गाडीवेडा : आणि तो म्हणाला, मातीची गाडी आहे, हा पिस्टन मला माहीत आहे, जास्त फुगतो, मी 0.055 ठेवतो?

शंकेखोर : तर मी कारण विचारीन.

गाडीवेडा : कारण सांगितलं : ‘याच पिस्टनच्या गाड्या माझ्याकडे परत आल्यात.’ कागद नाही. आकडेवारी नाही. फक्त त्याची आठवण.

शंकेखोर : मग 0.04 लिहायला सांगणं म्हणजे जबाबदारी माझ्यावर येणार. आणि 0.055 मान्य करणं म्हणजे पुस्तक सोडून त्याच्या आठवणीवर सही करणं.

गाडीवेडा : हं.

शंकेखोर : दोन्ही लिहून घेता येतील का? त्याचा आकडा, आणि त्याखाली माझं ‘मान्य’?

गाडीवेडा : तो लिहील? परत आलेल्या गाड्यांचा उल्लेख कागदावर करायला कुठला शॉपवाला तयार होईल?